देवराईतील वेली तोडाव्यात की राखाव्यात? वर्षावनातील वेल आणि झाड यांच्या नात्याविषयी

कातळसडा

नमस्कार. आमच्या गावची राई सिंधुदुर्ग जिल्ह्यात ओढ्याच्या काठाने पसरलेली आहे. क्षेत्र फार नाही, दोन-अडीच एकर असेल. पण तीत सातवीण, बेहडा, किंदळ, जांभूळ, सुरमाड अशी जुनी झाडे आहेत आणि त्यांच्यावर गारंबी, उक्षी, पळसवेल यांच्या जाड वेली चढलेल्या आहेत. गारंबीचे एक खोड तर माणसाच्या मांडीपेक्षा जाड आहे आणि ते किमान चार-पाच झाडांच्या माथ्यावरून फिरलेले दिसते. गेल्या पावसाळ्यात एक मोठा बेहडा उन्मळून पडला आणि वेलींच्या ओढीने शेजारची दोन झाडेही मोडली. त्यानंतर गावातील युवक मंडळाने असा विचार मांडला आहे की, वेली झाडांचा रस शोषतात आणि राई हळूहळू मारतात, म्हणून श्रमदान करून सगळ्या वेली बुंध्यापाशी तोडाव्यात. वडीलधारी मंडळी म्हणतात की राईतील काडीही कौल लावल्याशिवाय हलवायची नाही. देवाचा कौल गुरव लावतीलच. पण त्याआधी शास्त्र काय सांगते ते सर्वांसमोर मांडावे, असे मला वाटते.

वेल खरोखर झाडाचा रस घेते का? घेत नसेल, तर मग तिच्यामुळे झाडाचे जे नुकसान होते ते नेमके कशाने होते? आणि सगळ्या वेली काढून टाकल्या, तर रानाला काय मुकावे लागेल? ज्यांनी या विषयाचा अभ्यास केला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

पर्णछत्र

आपला प्रश्न अगदी मुळाशी जाणारा आहे. मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवतो, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

पहिली गोष्ट अशी की गारंबी, उक्षी किंवा पळसवेल झाडाचा रस घेत नाहीत. रस घेतात ती बांडगूळ आणि अमरवेल. त्यांची शोषक मुळे यजमान झाडाच्या आतील वाहिन्यांपर्यंत पोचतात. काष्ठवेलीची, म्हणजे लाकडी खोडाच्या वेलीची, मुळे मात्र स्वतःची, जमिनीत रोवलेली असतात आणि ती आपले अन्न स्वतःच्या पानांत तयार करते. झाडाकडून ती फक्त आधार घेते. पण हा ‘फक्त’ फार मोठा आहे. झाडाला सूर्यप्रकाशापर्यंत पोचण्यासाठी वर्षानुवर्षे लाकूड घडवावे लागते, कारण स्वतःचा भार त्याला स्वतःच पेलायचा असतो. वेलीला तो भार पेलायचा नसल्याने लाकडावर होणारा खर्च ती वाचवते आणि तो पाने, मुळे व लांबी वाढवण्याकडे वळवते. म्हणूनच मनगटाएवढ्या खोडाची वेल एखाद्या मोठ्या झाडाच्या माथ्यावर छत्रासारखी पसरू शकते.

या नात्याचा सर्वांत कसून अभ्यास पनामात झाला आहे. पनामा कालव्यासाठी चाग्रेस नदीवर धरण बांधले, त्यामुळे गातून नावाचे सरोवर भरले आणि १९१४ च्या सुमारास एका टेकडीचे बेट झाले. हेच बारो कोलोरादो बेट. १९२३ पासून ते संशोधनासाठी राखीव आहे आणि आज स्मिथसोनियन संस्थेचे उष्णकटिबंधीय संशोधन केंद्र त्याची व्यवस्था पाहते. तिथे १९८० च्या सुमारास ५० हेक्टरांचा एक पट्टा आखण्यात आला आणि त्यातील एक सेंटिमीटरपेक्षा जाड असलेले प्रत्येक झाड मोजून, त्याला क्रमांक देऊन नोंदवण्यात आले. पुढे त्याच पट्ट्यातील वेलीही मोजल्या गेल्या. त्या सुमारे १६२ जातींच्या निघाल्या. काष्ठ असलेल्या वनस्पतींच्या एकूण जातींपैकी साधारण ३५ टक्के जाती आणि एकूण खोडांपैकी साधारण २५ टक्के खोडे वेलींची होती; पण सर्व खोडांच्या छेदाचे क्षेत्रफळ एकत्र धरले, तर त्यात वेलींचा वाटा जेमतेम तीन टक्के भरला. लाकूड नगण्य आणि पसारा प्रचंड, हे वेलीचे गणित या आकड्यांतच दिसते.

झाडाचे नुकसान दोन ठिकाणी होते. एक वर, माथ्यावर: वेलीची पाने झाडाच्या पानांवर पसरतात आणि ऊन अडवतात. दुसरे खाली, मातीत, आणि त्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. वेलीच्या खोडातील पाणी वाहणाऱ्या नळ्या झाडाच्या नळ्यांपेक्षा बऱ्याच रुंद असतात. नळीचा व्यास दुप्पट झाला, तर तिच्यातून वाहू शकणारे पाणी सोळा पट होते. त्यामुळे बारीक खोडाची वेलही मातीतून भरपूर पाणी ओढू शकते. उक्षीचे खोड तोडून रानात फिरणारी माणसे तहान भागवतात ती याच रुंद नळ्यांच्या जोरावर. पनामात वेली तोडल्यानंतर शेजारच्या झाडांच्या खोडांतून वाहणारे पाणी वाढल्याचे मोजमापांतून दिसले, आणि तेही विशेषतः कोरड्या महिन्यांत. म्हणजे भांडण केवळ उन्हाचे नाही, पाण्याचेही आहे.

हे नुकसान एकूण किती, याचे उत्तर मिळवण्यासाठी बेटाजवळच्या हिगांते द्वीपकल्पावर २०११ मध्ये एक मोठा प्रयोग सुरू झाला. ८० मीटर लांब व तितकेच रुंद असे सोळा तुकडे घेतले, त्यांपैकी आठ तुकड्यांतील सर्व वेली तोडल्या आणि उरलेले आठ तसेच ठेवले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, वेली असलेल्या तुकड्यांत जमिनीवरील भागात दरवर्षी नव्याने साठणारा निव्वळ कार्बन, वेली काढलेल्या तुकड्यांच्या तुलनेत सुमारे ७६ टक्क्यांनी कमी होता. मुख्य कारण झाडांची खुंटलेली वाढ हे होते. वेली काढलेल्या तुकड्यांत मोठ्या झाडांना फुले-फळेही अधिक आली. बारो कोलोरादो बेटावरील आणखी एका अभ्यासात २००७ पर्यंत जवळजवळ तीन-चतुर्थांश मोठ्या झाडांच्या माथ्यावर वेली पोचलेल्या आढळल्या, आणि ज्यांचा बहुतांश माथा वेलींनी झाकलेला होता ती झाडे मरण्याचे प्रमाण सुमारे दुप्पट होते.

तेव्हा आपल्या युवक मंडळाचे निरीक्षण चूक नाही. वेल झाडाला जड जाते, हे खरेच आहे. माझा आक्षेप ‘सगळ्या तोडा’ या निष्कर्षाला आहे. पण त्याविषयी इतरांनी आधी लिहावे.

शेकरू

मी संशोधक नाही. पण आंबोली-तिलारीच्या रानात बरीच वर्षे हिंडत असल्याने वेलींविषयी दोन शब्द लिहावेसे वाटतात. आपण सगळ्यांना एकाच नावाने ‘वेल’ म्हणतो, पण त्यांच्या चढण्याच्या रीती निरनिराळ्या आहेत आणि कोणत्या झाडावर कोण चढू शकेल हे त्या रीतीवर ठरते. चार्ल्स डार्विन यांनी १८६५ मध्येच चढणाऱ्या वनस्पतींचे असे गट पाडले होते. गुळवेल आणि पळसवेल आधाराभोवती स्वतःच पीळ घेत चढतात. अशा वेलींना बारीक आधार लागतो. मोठ्या बुंध्याला त्या वेढा घालू शकत नाहीत, म्हणून आधी झुडपावर, मग लहान झाडावर आणि तिथून मोठ्या झाडाच्या फांदीवर अशा टप्प्याटप्प्याने जातात. गारंबीच्या संयुक्त पानाच्या टोकाला तणावे असतात. शिकेकाई, वाघाटी आणि वेत यांच्याकडे आकडे किंवा काटे असतात. आणि मिरवेल खोडाला चिकटणारी मुळे फोडते, त्यामुळे तिला सुपारीचा सरळसोट, फांद्या नसलेला बुंधाही चालतो. आपल्या कुळागरांत हे रोज दिसते.

आधार शोधण्याच्या बाबतीत मला सर्वांत अचंबित करणारी नोंद कोस्टा रिकाची आहे. तिथल्या मॉन्स्टेरा जातीच्या एका वेलीची रोपटी उजेडाकडे न वाढता अंधाराकडे सरकतात, असे १९७५ मध्ये दोन संशोधकांनी दाखवून दिले. रानाच्या जमिनीवर सर्वांत गडद भाग म्हणजे जवळच्या जाड बुंध्याची छाया. रोपटे तिकडे जाते, बुंध्याला लागते आणि मग मात्र उजेडाच्या दिशेने वर चढू लागते. ज्याला डोळे नाहीत त्याने झाड हुडकण्याचा याहून नेमका उपाय कोणता शोधला असता?

आणखी एक. राईत वडाची किंवा नांदरुखाची मुळे एखाद्या झाडाला आवळताना दिसत असतील, तर त्यांना वेलींत धरू नये. त्यांचे बी पक्ष्यांच्या विष्ठेतून वरच्या फांदीवर पडते आणि मुळे वरून खाली येतात. काष्ठवेल जमिनीतून वर जाते. श्रमदानाच्या उत्साहात या दोन्ही गोष्टींवर एकच कोयता चालतो, हे मी पाहिलेले आहे.

वेलींमुळे रानाला काय मिळते, तेही सांगायला हवे. शेकरू जमिनीवर उतरायला फारसे राजी नसते. माथ्यामाथ्याने जाण्यासाठी त्याला सलग वाट लागते, आणि जिथे दोन झाडांच्या फांद्या एकमेकींना भिडत नाहीत तिथे वेलच तो पूल असते. रात्री फिरणाऱ्या उदमांजरांचीही तीच वाट. पनामात वेली काढलेल्या झाडांवर मुंग्यांच्या जातींची संख्या कमी भरली, कारण एका माथ्यावरून दुसऱ्यावर जाण्याचा मार्गच तुटला होता. वेलींच्या गुंत्यात अडकून राहिलेली वाळकी पाने ही मध्य व दक्षिण अमेरिकेतील काही कीटकभक्षी पक्ष्यांची मुख्य शिकारभूमी आहे. आपल्याकडे उक्षी ऐन उन्हाळ्याच्या तोंडाशी फुलते आणि तिच्या फुलोऱ्यावर मधमाश्यांची व फुलपाखरांची गर्दी उसळते.

कातळसडा

दोघांचेही मनापासून आभार. पर्णछत्र, एक शंका अशी की ज्या झाडांनी लक्षावधी वर्षे वेलींबरोबर काढली त्यांनी स्वतःच्या संरक्षणाची काहीच सोय केलेली नसेल का? आमच्या राईत सुरमाडावर एकही जाड वेल नाही. सातवीण आणि किंदळ मात्र झाकून गेले आहेत. हे योगायोगाने झाले असेल का?

पर्णछत्र

बहुतेक तो योगायोग नाही. माड-सुपारीच्या कुळातील झाडांना फांद्या नसतात आणि जुनी झावळी गळताना आपल्याबरोबर तिच्यावर चढलेली वेलही खाली आणते. ज्या झाडांची पाने मोठी व संयुक्त असतात, ज्यांची साल गुळगुळीत असते किंवा पापुद्र्यांनी सुटत राहते, जी वाऱ्याने पुष्कळ हेलकावतात आणि जी भराभर वाढतात, त्यांच्यावर वेली कमी टिकतात, असे निरनिराळ्या रानांतील निरीक्षणांतून पुढे आले आहे. यांपैकी कोणताही गुण केवळ वेलींसाठीच घडला असे ठामपणे म्हणता येणार नाही. पण परिणाम मात्र तसा होतो.

काही झाडांनी राखणदार ठेवले आहेत. मेक्सिको व मध्य अमेरिकेतील एका बाभूळवर्गीय झाडाच्या पोकळ काट्यांत मुंग्या राहतात. झाड त्यांना मधुरस आणि पानांच्या टोकांशी पोषक कण पुरवते, आणि झाडाला स्पर्श करणारा वेलीचा कोंब त्या मुंग्या कुरतडून टाकतात. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ डॅनियल जॅन्झन यांनी १९६० च्या दशकात या मुंग्या काढून टाकून प्रयोग केले, तेव्हा मुंग्यांविना उरलेली झाडे कीटकांनी आणि शेजारच्या वाढीने अक्षरशः गिळली. मलेशियातील चांदाडा वर्गातील झाडांवर राहणाऱ्या मुंग्याही असेच वेलींचे कोंब चावून तोडतात.

आता माझ्या आक्षेपाकडे येतो. आपल्याला वेली अधिक का दिसतात, याचे उत्तर दोन गोष्टींत आहे. पहिली म्हणजे ऋतुमान. वेली सर्वाधिक पावसाच्या रानांत सर्वाधिक असतील असे आपल्याला वाटते; प्रत्यक्षात ज्या उष्णकटिबंधीय रानांत ठळक कोरडा हंगाम असतो तिथे त्यांचे प्रमाण जास्त असते. पनामात कोरड्या महिन्यांत वेलींची उंचीतील वाढ झाडांच्या सुमारे सात पट मोजली गेली, तर पावसाळ्यात ती साधारण दुप्पट होती. बारो कोलोरादोवर कोरडा हंगाम चार महिन्यांचा आहे. कोकणात पाऊस त्या बेटाहून कमी नाही, पण तो जूनपासून चार महिन्यांत कोसळून जातो आणि पुढे सात-आठ महिने रान जवळजवळ कोरडे असते. आपली मोजमापे स्वतंत्रपणे व्हायला हवीत. परंतु वेलींना मानवणारे हवामान आपल्याकडे आहे, एवढे निश्चित म्हणता येते.

दुसरी गोष्ट म्हणजे रानाची कड. ॲमेझॉनमध्ये मानाउस शहराच्या उत्तरेला जंगलाचे सुटे तुकडे करून दीर्घकाळ अभ्यास चालू आहे. तिथे तुकड्यांच्या कडेशी वेलींची गर्दी वाढलेली आढळली, कारण कडेने ऊन आत शिरते आणि तिथली झाडे पडतही जास्त असतात. अडीच एकरांची राई म्हणजे जवळजवळ सगळी कडच. चहूबाजूंनी काजूची लागवड, रस्ता आणि मोकळा सडा असेल, तर आत वेली वाढणारच. त्या एकदा तोडून ऊन थांबत नाही. उलट तोडलेल्या खोडांना नवे धुमारे फुटतात. कडेला झुडपांचा दाट पट्टा राखणे हा अधिक टिकाऊ उपाय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हेही लक्षात घ्यावे की वेली वाढण्याचा कल जगभर एकसारखा नाही. ॲमेझॉन आणि मध्य अमेरिकेत तो गेली काही दशके नोंदवला गेला आहे, आणि हवेतील वाढता कार्बन डायऑक्साइड, वारंवार पडणारे अवर्षण व जंगलतोड ही त्याची संभाव्य कारणे मानली जातात. पण काँगोच्या खोऱ्यातील दीर्घकालीन नोंदींत तशी वाढ दिसलेली नाही.

वनरक्षित

मी वनखात्यातून निवृत्त झालो आहे, म्हणून कामाच्या अंगाने लिहितो. आमच्या कार्य आयोजनांत ‘क्लायंबर कटिंग’, म्हणजे वेली कापणे, हे मशागतीचे नेहमीचे काम असायचे आणि सागाच्या कुपांत, म्हणजे तोडणीसाठी आखलेल्या भागांत, आम्ही विरळणीबरोबर ते नेमाने करीत असू. तिथे उद्देश सरळ होता: साग सरळ वाढावा आणि इमारती लाकूड मिळावे. जगात इतरत्रही, उदाहरणार्थ मलेशियातील साबामध्ये व ब्राझीलमध्ये, तोडणीच्या काही महिने आधी वेली कापून ठेवतात. असे केल्याने एक झाड पाडताना त्याला बांधलेली शेजारची झाडे ओढली जात नाहीत. आपल्या बेहड्याबरोबर जे घडले ते नेमके हेच. पण बेहडा उन्मळण्याचे कारण वेलच होती असे त्यावरून ठरत नाही. ओढ्याकाठची माती धुपली होती का आणि मुळे कुजली होती का, ते पडलेल्या बुंध्यापाशी जाऊन पाहावे.

देवराई लाकडासाठी राखलेली नाही, त्यामुळे कुपाचा नियम तिथे लावू नये. शिवाय राईची जमीन कोणाच्या नावावर आहे हे आधी सातबाऱ्यावर पाहावे. वनखात्याच्या ताब्यात असेल, तर लेखी परवानगीशिवाय काहीही तोडता येणार नाही.

मंडळाला खरोखर उपयोगी काम हवे असेल, तर आधी नोंद करावी. प्रत्येक मोठ्या झाडाखाली उभे राहून दुर्बिणीने माथा पाहावा आणि वेलीने किती भाग झाकला आहे त्याप्रमाणे शून्य ते चार असा अंक द्यावा: वेल नसेल तर शून्य, पाव भागापर्यंत एक, अर्ध्यापर्यंत दोन, पाऊण भागापर्यंत तीन आणि त्याहून जास्त असेल तर चार. संशोधकही हीच पद्धत वापरतात. अडीच एकरांतील मोठी झाडे दोन-तीन सकाळींत नोंदवून होतील. काम मार्च-एप्रिलमध्ये करावे, म्हणजे पानगळीच्या झाडांचे माथे मोकळे असतात आणि वेल वेगळी ओळखू येते.

कातळसडा

ही नोंदीची सूचना मी मंडळापुढे ठेवतो. मुलांना ती आवडेल असे वाटते. जमीन देवस्थानाच्या नावावर आहे. शेवटचा प्रश्न बेहडा पडल्याने झालेल्या मोकळ्या जागेविषयी आहे. तिथे आता पळसवेल आणि शिकेकाईचे जाळे झाले असून त्याखाली जांभूळ व सातवीण यांची रोपे दबलेली दिसतात. तिथे हात लावावा का?

पर्णछत्र

होय, तोडण्यासारखी जागा हीच आहे. झाड पडले की त्याच्यावरील वेली बहुधा मरत नाहीत. त्यांच्या खोडात लाकडाच्या पट्ट्यांमध्ये मऊ पेशींचे थर असतात, त्यामुळे खोड पिळले, चिरले तरी जिवंत राहते आणि जमिनीला टेकलेल्या पेरांतून मुळे व नवे फुटवे येतात. बारो कोलोरादोवर अशा काही मोकळ्या जागांमध्ये वेलींच्या जाळ्यामुळे नवी झाडे तब्बल १३ वर्षे वर येऊ शकली नाहीत, अशी नोंद आहे. राई लहान असल्याने आपल्याला इतका काळ थांबणे परवडणार नाही.

मात्र जाळे सरसकट उपटू नये, कारण उघडी पडलेली माती ओढ्यात जाईल. जी रोपे वाचवायची आहेत त्यांना आधी चिंध्या बांधून खुणा कराव्यात आणि फक्त त्यांच्याभोवतीचे, हात पोचेल एवढ्या अंतरातील वेलींचे फाटे तोडावेत.

वनरक्षित

पर्णछत्र यांच्याशी सहमत आहे, त्यात कामाच्या दोन गोष्टींची भर घालतो. जाड वेल तोडायचीच असेल, तर एक घाव जमिनीलगत आणि दुसरा छातीच्या उंचीवर घालून मधला तुकडा बाजूला काढावा. एकाच घावाने वरचा भाग पुन्हा मुळे सोडून जमिनीला लागतो. वर लटकणारा भाग ओढून काढण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. त्याच्याबरोबर वाळलेली फांदी डोक्यावर येते. तो कुजून आपोआप खाली येऊ द्यावा आणि तोपर्यंत मुलांना त्या झाडाखाली बसू देऊ नये. गारंबीचे ते जुने खोड मात्र या यादीत घेऊ नये. ते चार-पाच माथ्यांना बांधलेले आहे; तोडले तर त्या सर्वांवर एकदम पोकळी पडेल, आणि शेकरूची वाट तिथूनच जात असण्याचा संभव आहे. त्या झाडांचे अंक दरवर्षी लिहीत राहावेत, आणि एखाद्याचा अंक तीनवरून चारवर गेला तरच तेवढ्या झाडावरचा फाटा कमी करण्याचा विचार गावापुढे मांडावा.